एकासणातल्या दोन गोळ्या

चातुर्मास लागल्यापासून हीराबाईंचं एकासणं चालू होतं. दिवसातून एकदाच, दुपारी एका बैठकीत जेवण. पानावरून उठल्या की सूर्यास्तापर्यंत फक्त उकळून गार केलेलं पाणी. इतकं कमी खाऊनही सकाळी उपाशीपोटी तपासलं की साखर दोनशेच्या वर. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी मधुमेहाची सकाळ-रात्रीची गोळी जास्त ताकदीची करून दिली होती.

नातसून रूपलला हे कोडं सुटत नव्हतं. ती धुळ्याची, बी. फार्म झालेली, लग्न होऊन जळगावात आली त्याला वर्षही झालं नव्हतं.

त्या दिवशी चारच्या सुमारास ती दादीजींच्या खोलीत डोकावली. हीराबाई घामाने भिजल्या होत्या, हात थरथरत होते, माळ मांडीवर पडलेली.

"दादीजी, बोट द्या."

"कशाला? अशक्तपणा आहे. तपात येतोच."

मीटरवर चोपन्न आलं. रूपलने धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. हीराबाईंनी मान फिरवली.

"माझं पच्चक्खाण, घेतलेला नेम मोडायचाय तुला?"

"मोडू दे!" दुकानातून चहाला आलेले त्यांचे यजमान लखीचंद दारातूनच म्हणाले. "चार महिने अशी राहून कुठं पोचणार आहेस?"

"दिवसातून पाच वेळा चरणाऱ्याने बोलू नये."

बोलताना त्यांची जीभ अडखळली. रूपलने ग्लास पुन्हा पुढे केला. साखर आणखी उतरली तर त्या बेशुद्ध पडतील, मग पाजताही येणार नाही.

"दादीजी, पच्चक्खाण घेताना त्यात आगार, सूट ठेवता ना? जीव कासावीस झाला तर औषध घेण्याची मुभा त्यातच आहे. हे औषध आहे."

"साखर औषध कधीपासून झाली?"

"चोपन्न आकडा आला तेव्हापासून."

हीराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मनातल्या मनात नवकार मंत्र म्हटला आणि ग्लास रिकामा केला.

थोड्या वेळाने आकडा नव्वदला आला, तेव्हा रूपलने विचारलं, "रात्रीची गोळी कधी घेता?"

"रात्री मी तोंडात काही घालते का? जेवायला बसताना दोन्ही घेऊन टाकते."

आता रूपलला उलगडा झाला. दोन्ही गोळ्या एकाच जेवणावर, त्याही वाढवलेल्या. त्यामुळे दुपार ढळताना साखर कोसळत होती. रात्री औषधाचा जोर ओसरला की ती पहाटेपर्यंत चढायची, आणि तपासणी व्हायची नेमकी सकाळी. डॉक्टरांना दिसायचा तो फक्त चढलेला आकडा.

"एकासणाचं डॉक्टरांना सांगितलं होतंत?"

"त्यांनी विचारलं कुठं?"

रूपलने फोन लावला, तेव्हा डॉक्टरांनी लगेच काहीतरी खाऊ घालायला आणि रात्रभर साखर तपासत राहायला सांगितलं. "हेही औषधच का?" म्हणत हीराबाईंनी खाखरा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मेहरूण भागातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी हीराबाईंचं ऐकून घेतलं आणि दोनच वाटा ठेवल्या. तप बंद करायचं, नाहीतर एकासणाऐवजी बियासणं: दोन बैठका, दुसरी सूर्यास्ताआधी, प्रत्येक जेवणाबरोबर एकच कमी ताकदीची गोळी, आणि दुपारीही तपासणी.

तिघं परतीच्या रिक्षात बसली. लखीचंद म्हणाले, "बंदच कर आता."

"बियासणं करीन," हीराबाई म्हणाल्या. मग रूपलकडे हात पुढे केला. "ते मशीन दे. बोटाला कसं टोचायचं ते दाखव. माझं तप आहे, आकडा मीच बघणार."