वाकड्या पाठींचे माप

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. साक्रीजवळच्या एका मत्स्यबीज केंद्रात गेली सोळा वर्षे माझ्यावर मासे मोजतात. माशाचे तोंड माझ्या आडव्या पट्टीला टेकवायचे आणि शेपटीपाशी आकडा वाचायचा. मासा उचलला की त्याचा ओला ठसा माझ्यावर राहतो. बहुतेक ठसे वाळून जातात. काही मात्र मला अजून दिसतात.

केंद्राचे मालक गिरधरनाना मूळचे वांगी लावणारे. भरताच्या वांग्याचे बी घरच्याच सर्वांत देखण्या फळातून धरायचे, ही त्यांची रीत. तीच त्यांनी माशांना लावली. राणी नावाची रोहू त्यांची लाडकी. तिला माझ्यावर ठेवून ते पाहुण्यांना म्हणत, "दखा, म्हैसना मायेक पाठ शे!" म्हशीसारख्या त्या पाठीचा मलाही अभिमान वाटे. दर हंगामात राणीची जोडी तिच्याच दांडग्या मुलाशी, मग नातवाशी. वांग्याला असले चालते, माशाला नाही.

काही वर्षांनी बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आखूड निघू लागली. कुणाचा कणा वाकडा, कुणाच्या कल्ल्यावरचे झाकण अर्धवट. नानांनी पाणी बदलले, खाद्य बदलले. एकदा तर "फळीच वाकनी" म्हणून मला उन्हात फेकले.

त्यांची सून मयुरी हिने मला उचलून पुसले. तिने जळगावकडच्या तळ्यातून थोड्या बोटुकल्या आणल्या, खुणेसाठी त्यांचा एक पर किंचित कातरला आणि घरच्यांसोबत एकाच टाक्यात सोडल्या. दोन महिन्यांनी दोन्ही माझ्यावर आल्या. पाहुण्या लांब, सरळ. घरच्या आखूड, वाकड्या.

"नाना, पानी एकच, दाना एकच," मयुरी हळूच म्हणाली. "मंग येसना बाप कोन?"

"राणीना पोऱ्या."

"आनि माय?"

नाना राणीच्या तळ्याकडे वळले.

पुढच्या हंगामात त्यांनी राणीजवळ परका नर सोडला. त्या पिल्लांतले पहिले त्यांनी माझ्यावर ठेवले. पाठ सरळ होती. मयुरी हसली, नाना हसले नाहीत.

"राणीना दोष नही व्हता," ते स्वतःकडे बोट दाखवून म्हणाले. "मनाच व्हता."

मित्रांनो, तळ्यातल्या माशाचे आईबाप माणूस निवडतो. त्याची वाढ आणि त्याच्या पाठीची रेघ बरीचशी तिथेच ठरते. म्हणून मासे पाळाल तेव्हा कोण कोणाचे, हे लिहून ठेवा, आणि सख्ख्या रक्तात जोडी लावू नका. माझ्यावर हजारो वाकड्या पाठी टेकल्या. प्रत्येकीची लांबी मी अचूक सांगितली. ती वाकडी का, हे मला सांगता आले नाही. त्यांचे ठसे मला अजून तेच विचारतात.