सासूबाईंचा उलटा माउस

चष्मेवाल्याच्या दुकानावरच्या घरात एक पंचवीस वर्षांचा कॉम्प्युटर होता. त्याच्या खोक्याचा मूळ रंग आता कुणालाच आठवत नव्हता. चालू केला की आतला पंखा असा काही घरघरायचा की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "मिक्सर लावलाय का?" बायकोने तो भंगारात द्यायचं तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा चष्मेवाल्याने ऐन वेळी मोडता घातला.

कारण त्या कॉम्प्युटरवर 'चिमणी' चालायची. चिमणी ही ऑपरेटिंग सिस्टिम, पण बाजारात मिळणारी नव्हे. दुसऱ्या शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरांनी ती निव्वळ हौसेपोटी, दोन पेशंटच्या मधल्या वेळात, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेली. कितीही जुन्या मशीनवर ती दहा सेकंदांत सुरू व्हायची. मग तिच्यात टाइप करता यायचं, घड्याळ बघता यायचं आणि पत्ते खेळता यायचे. बस. जगात ती वापरणारे अकरा जण होते आणि चष्मेवाला अकरावा.

तिच्यात एक खोट होती. माउस पुढे सरकवला की पडद्यावरचा बाण खाली यायचा आणि मागे ओढला की वर जायचा. डावं-उजवं मात्र बरोबर. चष्मेवाल्याने एकदा माउसच फिरवून, त्याची शेपटी आपल्याकडे करून पाहिली. वर-खाली सुधारलं, पण डावं-उजवं बिघडलं. मग तो टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला, तर तिथून पडदाच दिसेना. शेवटी त्याने डॉक्टरांना कळवलं. "बघतो," असं उत्तर आलं. त्याला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं.

अशात सासूबाई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सहा आठवडे लेकीकडे विश्रांती. त्यांनी एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली, त्यामुळे हात रिकामे ठेवून बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांत त्यांनी घरातली सगळी कपाटं लावली. तिसऱ्या दिवशी काठी टेकत कॉम्प्युटरपाशी आल्या.

"जावईबापू, हे काय आहे?"

आजवर घरात हे कुणी विचारलं नव्हतं. चष्मेवाल्याने दुकान अर्धा तास उशिरा उघडायचं ठरवलं आणि चिमणीचा जन्म, बालपण, स्वभाव सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं. पत्ते कुठे आहेत?"

त्यांनी जन्मात माउस धरलेला नव्हता, त्यामुळे पुढे म्हणजे वर हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. संध्याकाळी चष्मेवाला वर आला तेव्हा बाण त्यांच्या हाताखाली लोण्यासारखा फिरत होता.

"आई, तुम्हाला हे जमलं कसं?"

"त्यात काय? दोरी आपल्याकडे ओढली की विहिरीतली बादली वर येते. तसंच हे."

त्यानंतर त्या रोज एक तक्रार सांगू लागल्या आणि चष्मेवाला ती इमानेइतबारे डॉक्टरांना कळवू लागला. इस्पिकच्या राजाची मिशी एका बाजूने तोकडी आहे. घड्याळ साडेचारला अडखळतं. 'धन्यवाद'चा ध अर्धाच दिसतो. डॉक्टरांना असं बारकाईने बघणारं माणूस कधी भेटलं नव्हतं. ते पेटले. मिशी दोन दिवसांत सारखी झाली. आणि त्याच भरात त्यांनी माउसही दुरुस्त करून टाकला.

चष्मेवाल्याने नवी चिमणी दुपारी घातली. त्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाई आतल्या खोलीत सासूबाईंकडून व्यायाम करून घेत होत्या. त्याने माउस पुढे सरकवला. बाण वर गेला. त्याने तो पुन्हा पुन्हा वर नेला, आणि समाधानाने खाली दुकानात गेला.

पंधरा मिनिटांत वरून हाक आली.

"जावईबापू, याला काय केलंत?"

"दुरुस्त केला, आई."

"मोडलात."

जेवताना सासूबाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या, पण लेकीला म्हणाल्या, "यांना सांग, मीठ इकडे सरकवा म्हणावं." दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यायाम बंद केला. माउस सरळ तर गुडघाही सरळच राहील, असं त्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंना सांगितलं. बाई तडक दुकानात उतरल्या.

"तुमचं घरात काय चाललंय ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण तो गुडघा वाकला पाहिजे."

बायको म्हणाली, "फोन कर त्या डॉक्टरांना. आत्ता."

डॉक्टरांनी फोन घेतला तेव्हा मागे मशीनची घूं-घूं चालू होती.

"उलटा माउस? किती जणांना हवाय?"

"एकाच व्यक्तीला."

"आपल्या अकरांपैकी कुणाला?"

"नाही, त्या बाराव्या आहेत."

घूं-घूं थांबली. "आपण बारा झालो?" डॉक्टरांनी दोनदा विचारलं. मग ते कुणाला तरी म्हणाले, "तुम्ही तोंड उघडंच ठेवा, मी आलोच."

चार दिवसांनी नवी चिमणी आली. तिच्यात माउससाठी दोन पर्याय होते, 'सरळ' आणि 'सासूबाई'. चष्मेवाल्याने दुसऱ्यावर टिचकी मारली आणि सासूबाईंनी लगेच गुडघा वाकवला, तोही सांगितल्यापेक्षा जास्त. "बास, बास," म्हणत बाईंनीच त्यांना आवरलं.

पर्याय रोज बदलत बसायचा चष्मेवाल्याला कंटाळा. महिनाअखेरीस तोही उलटाच माउस फिरवू लागला. दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरवर मात्र त्याचा बाण आता भलतीकडेच पळायचा आणि गिऱ्हाइकं चष्म्याच्या नंबराच्या कागदाची वाट बघत उभी राहायची.

सासूबाई बऱ्या होऊन आपल्या घरी गेल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला.

"जावईबापू, खालच्या मजल्यावरचे लोक जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला निघाले होते. मी जिन्यातच अडवलंय त्यांना. चिमणी घेऊन कधी येताय? समोरच्या बाईंनाही शिकायचंय."

चष्मेवाल्याने दुकानाला कुलूप लावलं आणि वर येऊन पिशवी भरायला घेतली.

"कुठे निघालास?" बायकोने विचारलं.

"आईंकडे."

"आपणहून?"

पण तोवर तो बूट घालून जिन्यात पोचलासुद्धा होता.