फुरशावरचा पाला

भागोजीनाना फुरशाचं विष उतरवतात, असं आमच्या वाडीत सगळे सांगतात. मी सांगत नाही. फुरसं चावलं तरी दर वेळी माणूस मरण्याइतकं विष सोडतंच असं नाही. तेवढ्या जोरावर हा माणूस जन्मभर मिशीला पीळ देत आलाय.

फाल्गुनात भाताची जमीन भाजायला सासूबाई दगडी गडग्याच्या कडेला पातेरा गोळा करत होत्या. फुरसं वीतभर, मातीच्याच रंगाचं. ते पळत नाही. वेटोळं करून अंगावर अंग घासतं आणि खरखरतं. सुकल्या पानांच्या आवाजात सासूबाईंना ती खरखर कळली नाही. बोटाला चावलं.

मी केरूला रिक्षा घेऊन बोलावलं. तोवर भागोजी पाला चघळत हजर. बोटावर पचकन थुंकला, तोच लेप!

"फुरसा म्हंजे काय नाग हाय?" तो म्हणाला. "दुपारपातूर उतरंल."

"रिक्षा कशाला गो?" सासूबाई म्हणाल्या. "नाना हायत ना!"

बोलताना त्यांचे दात लाल दिसले. पान त्या खात नाहीत. हिरड्यांतून रक्त येत होतं, बोटाचंही थांबत नव्हतं.

"विष भायेर पडतंय," भागोजी म्हणाला.

मी त्याला बाजूला ढकललं आणि सासूबाईंना रिक्षात कोंबलं. रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात काचेच्या नळीतलं त्यांचं रक्त गोठतच नव्हतं. सापाच्या विषावरचं औषध सलाईनमधून दिलं, तेव्हा कुठे बाई वाचल्या.

घरी आल्यावर त्या आधी नारळ घेऊन भागोजीकडे गेल्या. माझा तिळपापड झाला.

"आणि ती सलाईन?" मी विचारलं.

"ती अशक्तपणाची."

वैशाखात शेजारच्या गोदाकाकूंना लाकडं काढताना पायाला फुरसं चावलं. मी संगमेश्वरला बाजारात होते. संध्याकाळी परतले तर काकू सकाळपासून भागोजीच्या खळ्यात, पाय मांडीपर्यंत सुजलेला, नाकातून रक्त. शेजारी माझ्या सासूबाई, त्यांचा हात धरून.

"भिऊ नको गो. माझ्याकडं बघ, मी हाय ना जिती?"

काकू त्यांच्याकडेच बघत होत्या. मी केरूला हाक मारली, दोघांनी त्यांना उचललं. रत्नागिरीच्या वाटेवर, हातखंब्याच्या अलीकडेच त्या गेल्या.

रिक्षाच्या हादऱ्यांनी गेली, असं भागोजी सांगत फिरतो. सासूबाईंना ते पटलंय.