कोपरा नसलेलं पत्र

मित्रांनो, मी एक जुना काळा पेन आहे. जयपूरच्या एका घरात, टेबलाच्या खणात, सुटी बटणं आणि मोडक्या चष्म्याच्या शेजारी पडलो आहे. माझ्या पोटातली शाई कधीच वाळली. ती शेवटची कोणासाठी उतरली, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

एका छोट्या कारखान्यात मला लेथवर कातून घडवलं. १९५४ साली सदाशिवरावांनी चौडा रास्ता नावाच्या बाजारातल्या दुकानातून मला घेतलं. ते मूळचे वाईचे, विम्याच्या नोकरीत बदली होऊन इकडे आलेले. माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे. ऑफिसात कोणी माझी तारीफ केली की मीही जरा फुगायचो.

पण माझं खरं काम रविवारी दुपारी असे. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई यांची नजर अधू होती. त्या पाटावर बसून म्हणायच्या, "लिहा." त्या सांगायच्या, सदाशिवराव लिहायचे. शेवटी त्या करंड्यात बोट बुडवून कागदाच्या कोपऱ्यात कुंकू टेकवायच्या. त्याशिवाय त्यांचं पत्र घराबाहेर पडत नसे.

शेजारच्या मांगीबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं सदाशिवरावांची लेक, आमची जयंती, वाचून दाखवायची. एकदा कोपरा फाडलेलं कार्ड आलं. मांगीबाईंनी ते नुसतं पाहिलं आणि हंबरडा फोडला. इकडे मरणाची बातमी कोपरा फाडूनच धाडतात. तेरा वर्षांची जयंती ते विसरली नाही. सदाशिवराव त्या दिवशी मला घरी विसरून ऑफिसात गेले होते, त्यांच्या कानावर हे कधी आलंच नाही.

१९६२च्या जानेवारीत जयंती भूगर्भशास्त्र शिकायला स्कॉटलंडला गेली. शिष्यवृत्ती एका सत्राची होती आणि शेवटी परीक्षा दिली तरच तिचं चीज होणार होतं. मार्चमध्ये अनुसयाबाईंना न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. जाण्याआधी त्या म्हणाल्या, "अहो, पोरीला कळवू नका. सगळं टाकून येईल ती. माझं पत्र मात्र चुकवू नका."

रविवार आला. सदाशिवरावांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि हुबेहूब अनुसयाबाईंच्या सुरात ते म्हणाले, "लिहा."

मी कागदावर अडखळलो. तरी लिहिलं, "चि. जयंतीस आईचे अनेक आशीर्वाद. गार वाऱ्यात कानाला बांधत जा."

मग त्यांनी करंडा उघडला. त्यांचं जाड बोट टेकताच भलामोठा ठसा उमटला. ते बोट आईचं नाही, हे कोणीही ओळखलं असतं. त्यांनी घाईघाईने तेवढा कोपरा फाडला आणि पत्र पाकिटात घातलं. वाईच्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला ओरडावंसं वाटलं, मित्रांनो, पण पेनाला आवाज कुठला!

पुढच्या पत्रांना ते करंगळीने कुंकू लावू लागले. हळूहळू असं झालं की त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला "लिहा" ऐकू येई. तेही दचकून पाटाकडे बघत. जयंतीची उत्तरं वेळेवर येत होती. "ती. आईस सा. नमस्कार. मी कानाला बांधते."

परीक्षा देऊन जुलैत ती परतली. घरात आल्यावर तिने आईला हाक मारली नाही. पाटाजवळ बसली आणि त्याला डोकं टेकवलं.

"बाळ, तुझी आई..." सदाशिवराव सांगू लागले.

"मार्चपासून माहीत आहे, बाबा." तिने पत्रांची चळत काढली. कोपरा नसलेलं पत्र सगळ्यांत वर होतं. फाटका कोपरा इकडे कशासाठी असतो, हे तिने त्यांना सांगितलं.

"मग आईला पत्रं कशी लिहीत राहिलीस?"

"मतलब... तुम्ही लिहीत होतात ना! मला कळलं असं कळवलं असतं, तर रविवारी तुम्ही एकटे पडला असता. आणि मीसुद्धा."

चार महिने एकमेकांसाठी आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. खूप वेळाने जयंती डोळे पुसून म्हणाली, "बाबा, लिहा."

तो सूर अनुसयाबाईंचा होता. सदाशिवरावांनी माझं टोपण काढलं. "ती. आईस, मी परीक्षा पास झाले. आता बाबांना मी सांभाळते." एवढंच लिहून झालं. जयंतीने त्या कागदाचा कोपरा आपल्या हाताने फाडला. पत्ता घालायचा नव्हता, म्हणून पत्र याच खणात ठेवलं आणि माझं टोपण लावून मलाही त्याच्यावर ठेवलं.

नंतर घरात बॉलपेन आले. मला कोणी हात लावला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात असा एखादा पेन असेल तर त्याला कोमट पाण्याने धुवा, शाई भरा. मलाही कोणीतरी धुवा हो. दर रविवारी दुपारी पाटाकडून अजून "लिहा" ऐकू येतं, आणि मला लिहिता येत नाही.