बाकावर ठरलेला आकडा

माझ्या बहिणीची धाकटी मुलगी नर्सिंगची पदवी घेऊन बाहेर पडली तेव्हा आम्हाला वाटलं, आता हॉस्पिटलवाले दारात रांग लावतील. आम्ही तिला बारकी म्हणतो. जो तो सांगायचा, नर्सेसची फार टंचाई आहे. टंचाई होती खरी, पण पगार देणाऱ्यांची, हे हळूहळू कळलं. एका ठिकाणी म्हणाले, अनुभव नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, सहा महिने शिकाऊ म्हणून ये, जाण्यायेण्याचा खर्च देऊ. एका आजोबांना घरी सांभाळायचं काम चालून आलं होतं आणि पैसेही बरे होते, पण तो अनुभव हॉस्पिटलं मोजत नाहीत. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ज्या शहाण्याने हा नियम काढला त्याला माझ्या शिवणाच्या दुकानात आणून दिवसभर काजं करायला बसवावं, असं माझ्या फार मनात होतं.

शेवटी एका बऱ्यापैकी हॉस्पिटलचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी भावोजींनी घरातच मुलाखत घेतली. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून असा काही बसला की मॅट्रननेही उठून उभं राहावं.

"पगाराची काय अपेक्षा आहे?" त्यांनी विचारलं.

"योग्य तो द्याल तुम्ही," बारकी म्हणाली.

"साफ चूक! असं म्हटलंस तर चहापाण्यावर बोळवण करतील."

"मग किती सांगू, बाबा?"

ते मात्र भावोजींनाही माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि ताईला जेवायला वाढायला सांगितलं.

ताईला कामावरून सुट्टी मिळेना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मीच बारकीबरोबर गेले. दुसऱ्या मजल्यावर, मॅट्रनच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. त्यावर चार मुली, चारही हिच्याच वर्गातल्या; हिला धरून पाच. एकमेकींना बघून आधी खिदळल्या आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की जागा तीनच आहेत. हसू जागच्या जागी विरलं.

त्यांच्यात एक खणखणीत आवाजाची मुलगी होती. वर्गात तिला पुढारी म्हणत. ती हळू बोलायला गेली तरी जिन्यापर्यंत ऐकू जात होतं.

"पगार किती सांगणार गं तुम्ही?"

कुणी सतरा हजार म्हणाली, कुणी अठरा. एकीच्या मावसबहिणीने इथेच काम केलं होतं. ती म्हणाली, "खरं तर कागदावर सुरुवातीचे बावीस आहेत इथे. पण नवीन येणारी प्रत्येक जण घाबरून कमी सांगते, मग हे कशाला जास्त देतील?"

"मग सगळ्यांनी बावीस सांगायचे," पुढारी म्हणाली. "एकीनेही खाली उतरायचं नाही."

पाचही जणींनी माना डोलावल्या. मला मात्र घाम फुटला. पाचजणी एकच आकडा सांगणार, मग आमच्या बारकीला कोण कशाला निवडेल? मी तिच्याकडे सरकले आणि कानात म्हटलं, "तू वीस सांग. कुणाला कळणार आहे?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तू जरा पाणी पिऊन ये."

पोरगी माझीच भाची, त्यामुळे तोंड तसंच. मी उठले.

मुली एकेक करून आत जाऊ लागल्या. मी पाण्याच्या नळापाशी रेंगाळत असताना त्यांच्यातली एक उंच, किडकिडीत मुलगी फोनवर बोलत तिकडे आली. "हो गं आई, पंधरा म्हणते. पंधरावर घेतील, तू काळजी करू नकोस."

मी तिला तिथेच गाठलं. "काय गं, मगाशी ठरलं काय आणि तू करतेस काय? मैत्रिणींचा गळा कापायचा असा?"

तिने फोन खाली घेतला. "काकू, तुम्हीपण मगाशी तिला वीस सांग म्हणालात. मी शेजारीच बसले होते."

ती उद्धटपणे बोलली असती तर मी दोन शब्द सुनावले असते, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने सांगितलं, वडील कामावर पडले होते, पाठ गेली होती आणि घर आईच्या एकटीच्या शिलाईवर चाललं होतं. शिलाईवर घर कसं चालतं हे मला कुणी सांगायला नको.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "तुला उपदेश करायचं तोंड नाही मला. तुला योग्य वाटेल ते सांग."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. तिने तोंडावर पाणी मारलं आणि ती आत गेली. बाहेर आली ती थेट बाकाच्या टोकाला जाऊन बसली.

पाचवी मुलगी बाहेर आल्यावर मॅट्रन वरच्या मजल्यावर मालकांकडे गेली. बराच वेळ गेला. खाली उतरली तेव्हा दमलेली वाटली, पण रागावलेली नाही.

"पाचही जणींनी बावीस सांगितले," ती म्हणाली. मी उंच मुलीकडे पाहिलं, तर ती फरशीकडे बघत होती. "मी दर वर्षी पगार वाढवा म्हणून वर जाते आणि मालक म्हणतात, मुली कमी पैशात येतात की. आज त्यांना दाखवायला एकही तशी मुलगी नव्हती. बावीस मंजूर झाले. पण जागा तीनऐवजी दोनच भरायच्या म्हणाले."

पुढारी आणि उंच मुलगी, दोघींची निवड झाली. पुढारी नाचायची ती नाचली नाही. उंच मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. बाकीच्या दोघी पिशव्या उचलून निघून गेल्या. आम्हीही निघालो, तर मॅट्रनने बारकीला थांबवलं.

"तिसरी तू होतीस. मगाशी आत सलाईनची सुई छान लावून दाखवलीस, हात हलका आहे. मला वॉर्डात माणूस हवंच आहे. अठरावर तयार असशील तर मी आत्ता वर जाऊन तिसरी जागा परत मागते."

बारकीने विचारलं, "आणि या दोघींना?"

मॅट्रन म्हणाली, "खोटं सांगत नाही. तू अठरावर आलीस की त्यांचेही अठरा होतील. एका वॉर्डात दोन भाव मालक ठेवायचे नाहीत."

बारकी माझ्याकडे वळली. तिला नोकरी हवी होती. पास झाल्यापासून ती घरात बसून होती. नातेवाईक आले की आतल्या खोलीत जायची. तिचा चेहरा मला स्वच्छ वाचता येत होता. मी नुसती मान हलवली असती तरी ती हो म्हणाली असती.

माझ्या दुकानासमोर एका बाईने दुसरं शिवणाचं दुकान उघडलं तेव्हा तिने दर उतरवला, मी उतरवला, पुन्हा तिने उतरवला. शेवटी दोघींच्या माना मोडल्या आणि गिऱ्हाइकं तेवढी खूश झाली. ते आठवलं. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त त्या उंच मुलीचे डोळे दिसले. ती माझ्याकडेच बघत होती. मी अठराला हो म्हणणार हे तिने धरूनच ठेवलं होतं.

"नको, मॅडम," मी म्हटलं. "तिला बावीसच हवेत."

मॅट्रनने मान हलवली. "जागा निघाली तर बोलावीन. शब्द देत नाही."

आम्ही दोघी जिना उतरून रस्त्यावर आलो. मला स्वतःचाच राग येत होता. दुसऱ्याच्या मुलीच्या ताटात वाढायला माझी मुलगी उपाशी ठेवली, असं वाटत होतं.

"मी हो म्हणणार होते, मावशी," बारकी म्हणाली.

"माहीत आहे मला."

तेवढ्यात भावोजींचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा मोठा की मला शेजारी उभं राहून सगळं ऐकू येत होतं.

"पगाराचं विचारलं का गं?"

"विचारलं, बाबा. बावीस मान्य केले."

"बावीस! मग रुजू कधी व्हायचं?"

"मला नाही, बाबा. माझ्या दोन मैत्रिणींना. मला अठरावर घेत होते, पण मग त्यांचेही कमी झाले असते. मावशी नको म्हणाली."

मग भावोजी म्हणाले, "मावशीला दे."

मी फोन घेतला. जे बोलतील ते ऐकून घ्यायचं, उलट उत्तर द्यायचं नाही, असं ठरवलं. त्यांची मुलगी होती, बोलायचा हक्क त्यांचा होता.

"पुढच्या मुलाखतीलाही तूच जा तिच्याबरोबर," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी भर रस्त्यात रडले. बारकीने माझी पिशवी घेतली आणि माझं रडणं संपेपर्यंत ती शेजारी उभी राहिली.