वरच्या ओळीतलं घड्याळ

नाव हरिश्चंद्र असलं की माणसाची पंचाईतच होते. शाळेत फळ्यावर कुणी चित्र काढलं हे मास्तर नेमकं त्यालाच विचारायचे, आणि हा सांगून मोकळा व्हायचा. मग मधल्या सुट्टीत मार खायचा. मोठेपणी मार बंद झाला, पण थट्टा सुटली नाही. सत्तेचाळीस वर्षं त्याने ते नाव इमानाने सांभाळलं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कुवेतमधल्या फिंतास गावातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका घड्याळजीपुढे घालवलं. त्याचीच ही गोष्ट.

हरिश्चंद्र इस्पितळात डायलिसिसची यंत्रं सांभाळायचा. यंत्रांशी त्याचं जमायचं, माणसांशी बेताचंच. बायको रेखा बोलकी होती, त्यामुळे घरात माणसांची ये-जा असायची आणि हा कोपऱ्यात बसून ऐकायचा. नव्वद सालच्या जूनमध्ये रेखा मुलीला, सुखदाला, घेऊन पुण्याला गेली. सुखदाची कॉलेजची ॲडमिशन झाली की रेखा नऊ ऑगस्टच्या विमानाने परत येणार होती. ती गेल्यावर आठवड्याभरात ये-जा थांबली. लोक आपल्यासाठी येत नव्हते हे त्याला माहीत होतंच, पण ते असं चटकन सिद्ध व्हावं याचं त्याला वाईट वाटलं.

मग उरला संगणक. इस्पितळातला एक ब्रिटिश इंजिनियर नोकरी सोडून जाताना तो विकून गेला होता, आणि त्याबरोबर अँटेनाला जोडायचा एक डबाही. टीव्हीच्या चित्राआडून टेलिटेक्स्टची जी पानं येतात, ती हा डबा पकडायचा. प्रोग्राम सुरू करून तीन आकडे दाबले की थोड्या वेळाने ते पान पडद्यावर यायचं. बातम्या, हवामान, विमानांच्या वेळा, जे हवं ते. सगळ्यात वरच्या ओळीत तारीख आणि घड्याळ असायचं, आणि ते सेकंदासेकंदाला पुढे सरकायचं. एक कळ दाबली की पान जसंच्या तसं फ्लॉपीवर उतरायचं. हरिश्चंद्र रोज संध्याकाळी सातला पाच-सहा पानं उतरवून ठेवायचा आणि फ्लॉपीवर सुबक अक्षरात तारीख घालायचा.

"अहो, उद्या हे सगळं शिळं होणार," रेखा म्हणायची. "शिळी भाजी मी तरी टाकून देते."

"असू दे," तो म्हणायचा. कशासाठी असू दे, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दोन ऑगस्टला पहाटे इराकी रणगाडे आले. टेलिफोन गेले, टपाल गेलं, विमानतळ बंद झाला. कुवेतच्या टीव्ही स्टेशनवर दुसऱ्यांचीच भाषणं सुरू झाली आणि पानं यायची थांबली. तरी हरिश्चंद्र सातला संगणक लावायचा. पडद्यावर नुसता काळोख असायचा. नऊ तारीख आली आणि गेली. त्या संध्याकाळी त्याने एक ऑगस्टची फ्लॉपी घातली आणि विमानांचं पान काढलं. मुंबईचं विमान, वेळेवर. तो त्या ओळीकडे जेवण होईपर्यंत बघत बसला.

इमारतीच्या तळमजल्यावर मजीदचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मजीद हर्णैचा. घराण्यात सगळे बोटीवरचे, हा एकटाच भिंग डोळ्याला लावून जमिनीवर राहिला. बायको रुकय्या आणि तीन मुलं गावी. दुकानात वीस घड्याळं कुवेतची वेळ दाखवायची आणि एकविसावं, किल्लीचं जुनं गजराचं घड्याळ, अडीच तास पुढे असायचं. ते हर्णैचं. रुकय्या उठली असेल की निजली असेल, हे त्यावर बघायचं.

एकदा हरिश्चंद्र पट्टा बदलायला गेला असताना दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चक्क बंद होतं. त्याला भिंतीवरच्या घड्याळासाठी सेल हवा होता, तेवढा देऊन मजीदने पाठवून दिलं.

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?" हरिश्चंद्रने विचारलं.

"इचारल्याबिगर सांगायचं नाय," मजीद म्हणाला. "आमचा बाप सांगायचा, बंद घड्याळ दिसलं तरी गप बसायचं. मानूस लाजतो. इचारलान तर मग सांगायचं."

ऑगस्टच्या मध्यावर मजीदच जिना चढून आला. वर अँटेना आहे, काही कळतं का, म्हणून. त्या दिवसांत हवा दमट होती. अशा हवेत समुद्रापलीकडची स्टेशनं कधीकधी कुवेतपर्यंत येऊन पोचतात. हरिश्चंद्रने बटणं फिरवली, आणि खरोखरच एक पान आलं, अर्धी अक्षरं गळालेलं. पण मुद्दा कळला. कुवेतमधून बाहेर पडलेले भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे मुंबईला पोचू लागले होते. हरिश्चंद्रने ते मराठीत करून मोठ्याने वाचून दाखवलं. मजीदला इंग्रजी पाटीपुरतं यायचं. तो खुर्चीच्या काठावर बसून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, परत वाचा."

त्या दिवसापासून मजीद रोज सातला यायचा. येताना रांगेत उभं राहून मिळवलेला खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणायचा. हरिश्चंद्र डाळ करायचा. पान वाचून झालं की दोघं जेवायचे, आणि मजीद हर्णैच्या बंदराच्या, मुलांच्या, रुकय्याच्या रागाच्या गोष्टी सांगायचा. कुणीतरी रेखासाठी नाही, आपल्यासाठी येतंय, हे हरिश्चंद्रला आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्याचं त्यालाच नवल वाटायचं. साडेसहालाच तो दोन ताटं पुसून ठेवायचा.

सप्टेंबरात हवा कोरडी झाली आणि समुद्रापलीकडचं पान यायचं बंद झालं. एक दिवस रिकामा गेला. दुसऱ्या दिवशी मजीद पंधरा मिनिटांतच उठला, रिकामा पडदा बघून करायचं काय. तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. डाळ दोघांची केलेली होती.

चौथ्या दिवशी हरिश्चंद्रने दुकानात जाऊन सांगितलं, "आज पान लागलंय."

लागलं नव्हतं. ऑगस्टमधलं उतरवलेलं एक पान होतं. साठवलेल्या पानावर कर्सर नेऊन अक्षरं बदलता येतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने तारीख बदलली, वेळ बदलली आणि खाली मुंबईचं हवामान टाकलं: पाऊस थांबला, समुद्र शांत. हे तर बहुधा खरंच असेल, असं त्याने मनाला समजावलं. मजीदला बरं वाटलं. पुढच्या दिवशी त्याने एका क्रिकेट सामन्याचा निकाल रचला. त्यात आपण जिंकलो. कुणाचं काय बिघडलं?

एकच गोष्ट त्याला जमत नव्हती. वरच्या ओळीतलं घड्याळ. आकडे बदलता यायचे, पण साठवलेल्या पानात ते सरकत नव्हतं. सात वाजून चार मिनिटं म्हणजे सात वाजून चार मिनिटं, अर्धा तास झाला तरी तेवढीच. पहिल्या दिवशी त्याला घाम फुटला होता, कारण समोर बसलेला माणूस घड्याळजी होता. पण मजीद काहीच बोलला नाही. त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही, आपलं नशीब, असं हरिश्चंद्र समजून चालला.

महिनाअखेरीस मजीद खुबूसबरोबर बातमीही घेऊन आला. एका शाळेच्या पटांगणातून भारतीयांच्या बसगाड्या सुटत होत्या. बसरा, बगदाद, मग वाळवंटातून अम्मान. "शुक्रवारच्या बशीत माजं नाव लागलं," तो म्हणाला. "तुमी पन लावा, भाऊ."

"मला नाही जमायचं," हरिश्चंद्र म्हणाला. यंत्रांपाशी आता तो एकटाच उरला होता. तो गेला असता तर अकरा पेशंट यंत्राविना राहिले असते. हे खरं होतं. पण त्याच्या मनात आलं ते पेशंटांचं नव्हे, दोन ताटांचं.

"वाळवंटाचंच भ्या वाटतं," मजीद तुकडा मोडत म्हणाला. "चार दिवस रेतीत. आमी पान्यातली मानसं. बोट असती तर डोळं मिटून गेलो असतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातून आल्या आल्या हरिश्चंद्र संगणकापुढे बसला. त्याने जेवणही केलं नाही. अक्षर अक्षर करून त्याने लिहिलं की भारतीयांसाठी एक जहाज जवळच्याच शुऐबा बंदराला लागणार आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, थेट मुंबई. एक महिना. त्याला फक्त एक महिना हवा होता. संध्याकाळी त्याने ते वाचून दाखवलं तेव्हा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि त्याचीच त्याला नंतर सगळ्यात जास्त शरम वाटली.

मजीद उठला, गॅलरीत गेला आणि शुऐबाच्या धुराड्यांकडे बघत राहिला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. जेवला मात्र दुपटीने.

गुरुवारी तो येताना हसतच आला. "बशीतली जागा देऊन टाकली," म्हणाला. "बानू म्हनून शिस्टर हाय, बनेद अल-गारच्या दवाखान्यातली. तिचं नाव मागच्या यादीतून ऱ्हाऊन गेलं होतं. आनि मशिदीत पन सांगितलं सगळ्यांना, बोट येतेय म्हनून. यूसुफ आनि त्याचा भाऊ थांबतायत. बदरुद्दीनची तर घरची चार मानसं."

हरिश्चंद्रच्या हातातला डाव डाळीत तसाच राहिला. एका माणसाला महिनाभर अडवायचं एवढाच त्याचा हिशेब होता. आता सात माणसं जी बोट नव्हतीच तिची वाट बघत बसणार होती. रस्ता किती दिवस उघडा राहील, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने गॅस बंद केला.

"मजीदभाई, बसा," तो म्हणाला. "बोट येणार नाही."

"म्हंजे?"

"ते पान मी लिहिलं. सप्टेंबरपासूनची सगळीच. हवामान, सामना, सगळं." त्याने पडद्याकडे बोट केलं. "घड्याळ बघा. ते हलत नाही. खरं पान असतं तर हललं असतं."

मजीदने घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"ते मना पयल्याच दिवशी दिसलं," तो हळूच म्हणाला. "मी घड्याळजी. दुसरं काय बघनार? वाटलं, तुमचं मशीन बिघडलंय. तुमी इचारलं नाय, म्हनून बोललो नाय. तुमी लाजाल म्हनून."

 मजीदने ओरडणं हरिश्चंद्रला चाललं असतं, अंगावर धावून येणं चाललं असतं. लहानपणी खरं बोलल्याबद्दल मार मिळायचा, आज खोटं बोलल्याबद्दल मिळाला असता तर तो मुकाट्याने बसून राहिला असता.

"कशापायी केलंत?" मजीदने विचारलं.

"तुम्ही यायचं थांबला असतात."

 मजीद उठला, खुबूस टेबलावर ठेवला आणि जिना उतरून गेला. मशिदीत जाऊन सगळ्यांना सांगायचं होतं, त्यामुळे तो घाईत असणारच. पण दार लावताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो आला नाही. शुक्रवारची बस गेली, तिच्यात बानू गेली. पुढच्या शुक्रवारच्या यादीत यूसुफ, त्याचा भाऊ, बदरुद्दीनच्या घरचे आणि मजीद, सगळ्यांची नावं लागल्याचं हरिश्चंद्रला इस्पितळातल्या वॉर्डबॉयकडून कळलं. त्याला इतकं हायसं वाटलं की तो स्टोअररूममध्ये जाऊन रडला. रोज येता-जाता दुकानावरून जावं लागायचं. मजीद भिंग लावून मान खाली घालून बसलेला असायचा. हरिश्चंद्र काचेपाशी क्षणभर थांबायचा आणि वर जायचा. आठही दिवस डाळ एकट्याची केली, तरी अंदाज चुकून उरायचीच.

शुक्रवारी पहाटेची पाळी संपवून तो परतला तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं. त्याला कुलूप. निरोप न घेताच गेला, हे ठीकच झालं, आपली तीच लायकी, असं पुटपुटत तो तीन जिने चढला.

दाराशी खुबसाच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं होतं. आतून टिकटिक येत होती. त्याने कागद सोडवला. एकविसावं घड्याळ होतं, हर्णैचं, अडीच तास पुढे चालणारं. कागदावर मजीदने मोडक्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: "तुमच्या मिसेसची वेळ पण हीच. रोज किल्ली द्या. नायतर बंद पडेल."

हरिश्चंद्र दारातच बसला. पुण्यात साडेअकरा वाजले होते. रेखाचा कुकर झाला असेल, सुखदा कॉलेजात असेल, आणि त्या दोघींना आपण जिवंत आहोत की नाही तेही माहीत नसेल, हे सगळं दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांपुढे आलं. इतके दिवस तो एक ऑगस्टच्या विमानापाशीच अडकून बसला होता.

त्या संध्याकाळी त्याने सप्टेंबरच्या फ्लॉप्या घातल्या आणि रचलेली पानं एकेक करून पुसली. पुसू का, असं प्रोग्राम दर वेळी विचारायचा आणि दर वेळी तो हो म्हणायचा. ऑगस्टमधलं ते अर्धी अक्षरं गळालेलं पान तेवढं ठेवलं, कारण ते खरं होतं.

मजीद पोचला की वाळवंटातच राहिला, हे सांगणारं पान त्याच्याकडे नव्हतं. तो विचारणार तरी कुणाला? संगणकावर फडकं घालून त्याने घड्याळ पुढ्यात घेतलं. सात वाजले, म्हणजे तिकडे साडेनऊ. त्याने एकाच माणसाचं ताट मांडलं आणि जेवायला बसण्याआधी घड्याळाला किल्ली दिली.