मोकळा उतार

पंचेचाळिशीत मी माळ्यावरचा स्केटबोर्ड पुन्हा खाली काढला, तेव्हा बायको सदफ एवढंच म्हणाली, "पडलात तर मला हाक मारू नका."

पारोळ्याबाहेरचा नवा पूल अजून रहदारीला बंद होता. त्याच्या उतारावर शेतकरी मका वाळत घालायचे आणि मला कडेची हातभर पट्टी उरायची. रोज चिडायचो.

आज उतार साफ होता. दाणा नाही, कडेला लावलेले दगडही नाहीत. एकदाची ब्याद टळली म्हणून मी मधोमध बोर्ड सोडला आणि जोरात पाय मारला.

बोर्डाने वेग धरला, तेव्हा खालून मकावाले चिंधा आबा हात हलवत ओरडले, "शेहजादभाऊ, आज रस्ता चालू व्हई गया!"

मागून केळीच्या ट्रकचा हॉर्न वाजला. तोंडात सदफचंच नाव आलं.